कारखान्यातील नेटवर्क आणि फायबर बॅकबोन यांचे वेग एकमेकांत कसे बदलायचे?

शिरोली_ओतकाम (प्रश्न)

सर्व जाणकारांना नमस्कार.

शिरोली एमआयडीसीतील एका फाउंड्रीत मी डिझाइन विभाग सांभाळतो. पॅटर्नचे आराखडे करणे हे माझे मूळ काम असून संगणकांच्या जोडणीची जबाबदारी केवळ "तुला त्यातले कळते" या एका वाक्यावर माझ्या गळ्यात पडलेली आहे, हे आधीच सांगून टाकतो.

आमच्या विभागातील १२ संगणक गिगाबिट स्विचला जोडलेले आहेत. कास्टिंग सिम्युलेशनच्या फायलींचा साधारण ४० जीबीचा फोल्डर रोज रात्री राजारामपुरीतील कार्यालयाच्या सर्व्हरवर पाठवावा लागतो आणि त्यासाठी आम्ही १०० एमबीपीएसची लीज लाइन (फक्त आमच्यासाठी राखलेली भाड्याची जोडणी) घेतली. ४० जीबी म्हणजे ४०,००० एमबी, त्यांना १०० ने भागले की ४०० सेकंद, म्हणजे सात मिनिटांच्या आत काम उरकेल, असा हिशेब मी व्यवस्थापनाला लेखी दिला होता. प्रत्यक्षात पहिल्याच रात्री एक तास आणि वर दोन मिनिटे लागली. कॉपीच्या खिडकीत ११.२ एमबी प्रति सेकंद हा आकडा जवळजवळ स्थिर होता. तोच फोल्डर कारखान्यातल्या कारखान्यात एका संगणकावरून दुसऱ्यावर टाकला, तर ११२ चा आकडा दिसतो आणि सहा मिनिटांत काम संपते.

तक्रार केल्यावर लाइन देणाऱ्या कंपनीचा माणूस आला. "आमची शहरातली रिंग एसटीएम-१६ ची आहे आणि पुण्याकडे जाणारा बॅकबोन (मुख्य वाहिनी) एसटीएम-६४ चा आहे, म्हणजे तुमच्या लॅनच्या (कारखान्यातल्या नेटवर्कच्या) दहापट. दोष असेल तर तुमच्याच बाजूला," असे सांगून आणि ३०० एमबीपीएसच्या योजनेचा अर्ज टेबलावर ठेवून तो निघून गेला. मग मी एसटीएमच्या, म्हणजे दूरसंचार कंपन्यांच्या फायबरवरील ठरीव टप्प्यांच्या, वेगांचा तक्ता शोधला. त्यात १५५.५२, ६२२.०८, २४८८.३२ आणि ९९५३.२८ असे आकडे आहेत. आमच्या स्विचवर १०, १००, १००० असे सरळ आकडे असताना बॅकबोनचे आकडे असे अपूर्णांकात का असावेत, हे मला उमगलेले नाही.

माझा प्रश्न असा की, या दोन प्रकारच्या वेगांचे एकमेकांत रूपांतर नेमके कसे करायचे, आणि आमची लाइन खरोखरच कमी वेग देते आहे का?

गोकुळशिरगाव_नेटवर्क

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण व्यवस्थापनाला तेच हवे असेल. आपली लाइन पूर्ण वेग देते आहे. चूक फक्त त्या लेखी हिशेबात आहे, आणि ती मीही नोकरीच्या पहिल्या वर्षी केलेली आहे.

लाइनचा वेग बिटमध्ये सांगतात आणि फायलीचा आकार बाइटमध्ये. एका बाइटमध्ये ८ बिट असतात, म्हणून १०० मेगाबिटची लाइन एका सेकंदात जास्तीत जास्त १२.५ मेगाबाइट नेऊ शकते. दोन्हींचे संक्षिप्त रूप आपण "एमबी" असेच उच्चारतो, त्यामुळे हा आठपटीचा फरक बोलण्यात हरवून जातो.

दुसरा फरक त्याहून लहान आहे, पण चकवणारा आहे. नेटवर्कच्या जगात मेगा म्हणजे नेमके दहा लाख. विंडोज मात्र फायली मोजताना एक एमबी म्हणजे १०,४८,५७६ बाइट धरते. आपला ४० जीबीचा फोल्डर म्हणजे ४० अब्ज बाइट नव्हेत, तर ४२९४ कोटी ९६ लाखांच्या वर बाइट आहेत. म्हणजे सात टक्क्यांहून थोडा जास्त माल आपण हिशेबात धरलाच नव्हता.

तिसरा फरक समजावण्यासाठी आपल्याच धंद्यातले उदाहरण घेतो. लॅडलमधून साच्यात ओतलेले सगळे लोखंड कास्टिंग म्हणून गिऱ्हाइकाकडे जात नाही. रनर आणि रायझर (साच्यात धातू नेणाऱ्या आणि पुरवणाऱ्या वाटांत गोठलेले जादा लोखंड) तोडून पुन्हा भट्टीकडे जातात, आणि ओतलेल्या वजनापैकी हाती आलेल्या वजनाला आपण यील्ड म्हणता. इथरनेटचेही, म्हणजे आपल्या स्विचवर चालणाऱ्या नेटवर्क पद्धतीचेही, तसेच आहे. फायलीचे तुकडे करून ते फ्रेममध्ये भरले जातात. एका फ्रेममध्ये १५०० बाइटची जागा असते, पण त्यातले २० बाइट आयपीच्या हेडरला (कोठून कोठे जायचे ती नोंद) आणि २० बाइट टीसीपीच्या हेडरला (तुकड्यांचा क्रम आणि पोच यांची नोंद) लागतात, म्हणून आपल्या फायलीच्या वाट्याला १४६० येतात. फ्रेमच्या पुढे ८ बाइटची सूचना, १४ बाइटचे पत्ते, शेवटी ४ बाइटची तपासणी आणि दोन फ्रेमच्या मध्ये १२ बाइटइतका वेळ मोकळा सोडावा लागतो. म्हणजे तारेवर १५३८ बाइटची जागा खर्च होते तेव्हा फायलीचे १४६० बाइट पोहोचतात. यील्ड ९४.९ टक्के झाला, आणि कोणत्याही फाउंड्रीवाल्याला तो स्वप्नवत वाटेल.

आता तिन्ही फरक एकत्र लावून पाहा. १२.५ ला ०.९४९ ने गुणले की ११.८७ होतात आणि त्याचे विंडोजच्या मापात ११.३ एमबी होतात. आपल्याला ११.२ दिसतात. उरलेला फरक फाइल शेअरिंगच्या प्रोटोकॉलची आपापसातली विचारपूस खाते. गिगाबिटवर हाच हिशेब दहापट केला की ११३ येतात आणि आपल्याला ११२ दिसतात. दोन्हीकडे यील्ड सारखाच असल्यामुळे लाइनमध्ये वा स्विचमध्ये दोष आहे असे मानायला जागा नाही.

आमच्याकडे येणाऱ्या नव्या मुलांना मी एवढेच सांगतो की, लाइनच्या मेगाबिटला ९ ने भागा, आलेला आकडा कॉपीच्या खिडकीत दिसेल. पुष्कळ जण १० ने भागतात. ती सवय टेलिफोनवरच्या मॉडेमच्या काळातली आहे, जेव्हा प्रत्येक बाइटच्या आगेमागे सुरुवातीचा आणि शेवटचा असे दोन बिट जोडले जात आणि एका बाइटला खरोखरच १० बिट लागत.

एसटीएमचे आकडे तसे का, हे इथले जुने दूरसंचारवाले अधिक चांगले सांगतील. मी त्या दिवसांत शाळेत होतो.

निवृत्त_पारेषण

वरील सदस्यांनी चेंडू माझ्याकडे टोलवला आहे, तेव्हा लिहिणे भाग आहे. माझी बरीच वर्षे टेलिफोन एक्स्चेंजच्या पारेषण कक्षात गेली आणि १५५.५२ हा आकडा मला स्वतःच्या घराच्या क्रमांकाइतका पाठ आहे.

संगणकवाल्यांनी वेग ठरवताना १० पासून सुरुवात केली आणि पुढे दर वेळी शून्य वाढवत नेले. आम्ही मात्र माणसाच्या आवाजापासून सुरुवात केली होती. टेलिफोनवर ३४०० हर्ट्झपर्यंतचा आवाज नेतात. थोडी मोकळीक ठेवून ४००० धरले, तर तो आवाज आकड्यांत उतरवण्यासाठी सेकंदाला त्याच्या दुप्पट, म्हणजे ८००० वेळा, मोजावा लागतो. प्रत्येक मोजणीला ८ बिट दिले की एका संभाषणाला सेकंदाला ६४,००० बिट लागतात. अशा ३२ वाटा एकत्र बांधल्या की २.०४८ मेगाबिटचा ई-वन होतो. त्यातल्या ३० वाटा बोलण्याच्या, एक ताल धरण्याची आणि एक घंटी-नंबर कळवण्याची. पूर्वी ज्याला सगळे "दोन एमबीची लाइन" म्हणत, ती हीच.

सेकंदाला ८००० म्हणजे दर १२५ मायक्रोसेकंदांना एक. आमची सगळी यंत्रणा याच ठेक्यावर चाले, आणि १९८८ मध्ये एसडीएचची, म्हणजे एसटीएमचे टप्पे ज्यात येतात त्या व्यवस्थेची, आंतरराष्ट्रीय मानके ठरली तेव्हाही हा ठेका सोडला गेला नाही. एसटीएम-१ ची फ्रेम म्हणजे ९ ओळी आणि २७० स्तंभांचा तक्ता आहे असे समजा. प्रत्येक घरात एक बाइट, म्हणजे एकूण २४३० बाइट. हा पूर्ण तक्ता १२५ मायक्रोसेकंदांत एकदा पाठवायचा. २४३० ला ८ ने आणि ८००० ने गुणून पाहा, बरोबर १५,५५,२०,००० बिट येतील. पुढचे आकडे केवळ चारच्या पटीने वाढतात: एसटीएम-४, एसटीएम-१६, एसटीएम-६४. अमेरिकन तक्त्यांत ओसी-३, ओसी-१२, ओसी-४८ आणि ओसी-१९२ अशी नावे दिसतील. ती याच वेगांची आहेत, फक्त त्यांचे मूळ माप ५१.८४ मेगाबिटचे, म्हणजे आमच्या मापाच्या एक तृतीयांश आहे.

रूपांतर करताना माणूस फसतो तो यापुढे. त्या २७० स्तंभांपैकी पहिले ९ स्तंभ व्यवस्थेसाठी राखलेले असतात आणि आणखी एक स्तंभ त्या मालाच्या वाटेवरील देखरेखीसाठी जातो. उरलेल्या २६० स्तंभांत माल भरता येतो, आणि त्याचा वेग १४९.७६ मेगाबिट होतो. त्यामुळे लॅनच्या वेगाशी तुलना करायची असेल तर १५५.५२ हा आकडा बाजूला ठेवून १४९.७६ च्या डब्यांत मोजावे. गिगाबिट इथरनेट पूर्ण न्यायचे असेल तर असे ७ डबे लागतात, कारण ७ डब्यांचे १०४८.३२ होतात आणि ६ डब्यांत ते मावत नाही. एसटीएम-१६ मध्ये १६ डबे असतात. त्यात दोन गिगाबिट १४ डब्यांत बसतात आणि दोन डबे इतर कामांना उरतात. एसटीएम-६४ च्या ६४ डब्यांत ९ गिगाबिट बसतात आणि एक डबा उरतो. म्हणजे त्या माणसाने सांगितलेले "दहापट" हे खरे तर नऊपट आहे, आणि ते नऊपट एकट्या आपल्यासाठी नसून त्या वाटेवरच्या सगळ्या ग्राहकांमध्ये वाटलेले आहे.

हे डबे वेगवेगळे पाठवून पलीकडे पुन्हा जुळवण्याची सोय नंतर आली. त्याआधी एक गिगाबिट न्यायला अख्खी एसटीएम-१६ गुंतवावी लागे आणि निम्म्याहून अधिक जागा रिकामी धावत असे. ऊस भरायला आणलेल्या ट्रॉलीत एकच मोळी टाकून ती कारखान्याच्या काट्यावर नेण्यासारखा तो प्रकार होता.

शिरोली_ओतकाम

दोघांचेही मनापासून आभार. यील्डचे उदाहरण दिल्यामुळे व्यवस्थापनाला समजावणे फारच सोपे गेले. आमच्या साहेबांनी लगेच "मग रायझर लहान करता येत नाहीत का?" असे विचारले आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

आणखी एक शंका आहे. पुढील वर्षी आम्ही सर्व्हरसाठी १० गिगाबिटचा स्विच घेणार आहोत. एसटीएम-६४ चा वेग ९.९५३ गिगाबिट असेल, तर आमचा स्विच बॅकबोनपेक्षाही वेगवान ठरतो, हे बरोबर आहे का?

वर्गातला_फळा

मी अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणक नेटवर्क हा विषय शिकवतो, आणि ही शंका दरवर्षी कोणी ना कोणी विद्यार्थी काढतोच.

आकड्यांपुरते आपले म्हणणे बरोबर आहे, आणि १० गिगाबिटचे मानक २००२ मध्ये आले तेव्हा ते तयार करणाऱ्यांसमोर हीच अडचण होती. म्हणून त्यांनी दोन प्रकार ठेवले. लॅनच्या प्रकारात पूर्ण १० गिगाबिट जातात. मात्र दर ६४ बिटमागे २ बिट जोडावे लागत असल्याने फायबरवरचा प्रत्यक्ष वेग १०.३१२५ गिगाबिट असतो. वॅनच्या, म्हणजे लांबच्या जोडणीच्या, प्रकारात फायबरवरचा वेग मुद्दाम ९.९५३२८ इतका, म्हणजे एसटीएम-६४ शी तंतोतंत जुळेल असा ठेवला. त्यातून ६४ डब्यांचे ९.५८४६४ हाती येतात, त्यातून पुन्हा ते ६४ मागे २ वजा केले की इथरनेटसाठी साधारण ९.२९ गिगाबिट उरतात. तेव्हा आपला स्विच अशा जोडणीपेक्षा साधारण साडेसात टक्क्यांनी वेगवान ठरेल.

आता बॅकबोनवर एसडीएचच्या जागी ओटीएन नावाची व्यवस्था असते. तिच्यात आणखी एक वेष्टण चढते, आणि त्यात चुका दुरुस्त करण्यासाठी जादा बिट असतात. एसटीएम-६४ ला हे वेष्टण चढवले की फायबरवरचा वेग १०.७०९ गिगाबिट होतो आणि लॅन प्रकारच्या १० गिगाबिटला तसेच्या तसे गुंडाळले तर ११.०९६ होतो. एकाच मालासाठी १०, १०.३१२५ आणि ११.०९६ असे तीन आकडे तीन कागदांवर दिसतात, आणि विद्यार्थी त्यांतला सर्वांत मोठा आकडा उत्तरपत्रिकेत लिहून मोकळे होतात. कोणताही वेग वाचताना तो वेष्टणासहितचा आहे की आतल्या मालाचा, हे आधी पाहावे.

रायझर लहान करण्याबद्दल आपल्या साहेबांनी विचारलेला प्रश्न रास्त आहे. लॅनमधील सगळी उपकरणे मान्य करत असतील तर फ्रेममधील जागा १५०० ऐवजी ९००० बाइट ठेवता येते आणि यील्ड ९९ टक्क्यांच्या वर जातो. मात्र लीज लाइनवर ते पलीकडच्या कंपनीने मान्य केल्याशिवाय करू नये, कारण मोठ्या फ्रेम वाटेत गुपचूप टाकून दिल्या जातात आणि दोष शोधण्यात दोन दिवस जातात. उलट टोकाला, सर्वांत लहान ६४ बाइटच्या फ्रेम पाठवल्या तर प्रत्येकीला तारेवर ८४ बाइटची जागा लागते. गिगाबिटवर सेकंदाला १४,८८,०९५ फ्रेम धावत असतात आणि तरीही फारसा माल पोहोचत नाही. म्हणून ९ ने भागण्याचा वरचा नियम मोठ्या फायलींपुरताच वापरावा. हजारो बारीक फायली असतील तर आधी त्यांची एक झिप करून पाठवावी.

अंतराचा विचार शिरोली ते राजारामपुरी एवढ्याशा टप्प्यात करण्याची गरज नाही. पण उद्या हाच फोल्डर पुण्याला पाठवायचा झाला तर तो करावा लागेल. फायबरमधून प्रकाशाला एक किलोमीटर जायला साधारण ५ मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे २३० किलोमीटरच्या वाटेवर जाऊन परत यायला किमान २.३ मिलिसेकंद हवेत, आणि वाटेतल्या उपकरणांमुळे ते ८ देखील होऊ शकतात. जुन्या पद्धतीचे टीसीपी पोच मिळेपर्यंत ६५,५३५ बाइटच पुढे पाठवते. ८ मिलिसेकंदांत ६५,५३५ बाइट म्हणजे ६५.५ मेगाबिट, मग लाइन १०० ची असो वा एसटीएम-६४ ची. ही मर्यादा वाढवण्याची सोय १९९२ मध्येच झाली आणि आजच्या संगणकांत ती सुरूच असते. पण कारखान्यांत एखाद्या सीएनसी मशीनला जोडलेला फार जुना संगणक असतो, तो मात्र तिथेच अडतो.

रंकाळा_फेरी

मी यातला तज्ज्ञ नाही, पण एक गंमत नोंदवतो. आमच्या घरी फायबर जोडणाऱ्या मुलाने पेटीवरचा २.४८८ हा आकडा दाखवला होता. तो वर दिलेल्या एसटीएम-१६ शी जुळतो आहे. हा योगायोग आहे का?

निवृत्त_पारेषण

योगायोग अजिबात नाही. घरोघरी येणाऱ्या जीपॉन फायबरमध्येही तोच १२५ मायक्रोसेकंदांचा ठेका आहे. त्या वेळात ३८,८८० बाइट खाली येतात, आणि त्याचे २४८८.३२ मेगाबिट होतात. वर जाणारा वेग त्याच्या निम्मा, १२४४.१६ असतो. मात्र हा वेग एकट्या आपल्या घराचा नाही. एक फायबर वाटेतल्या स्प्लिटरमध्ये फुटून ३२ किंवा ६४ घरांत जातो. ३२ घरांनी एकाच वेळी ओढले तर प्रत्येकाच्या वाट्याला ७७.७६ येतात, म्हणजे एसटीएम-१ च्या नेमके निम्मे. टेलिफोनची ती ८००० ची मोजणी आता आपण चित्रपट पाहता त्यातही चालू आहे, याचे मला अजून अप्रूप वाटते.

शिरोली_ओतकाम

सर्वांच्या सूचनेप्रमाणे काय केले ते कळवतो.

रविवारी कारखाना बंद असताना दोन्ही टोकांना लॅपटॉप लावून आयपर्फ या वेग मोजणाऱ्या प्रोग्रामने लाइन मोजली. वेग ९४.८ मेगाबिट आला. १४६० भागिले १५३८ हा हिशेब जवळजवळ दशांशापर्यंत जुळलेला पाहून बरे वाटले. बारीक फायलींची झिप केल्यावर वेळ एक तासावर आला.

त्यानंतर ३०० एमबीपीएसच्या योजनेचा विचार केला. ९ ने भागले तर सेकंदाला ३३ एमबी आणि पूर्ण फोल्डरला साधारण साडेवीस मिनिटे होतात. साहेब तयारही होते. पण अर्ज भरण्याआधी लाइनच्या पेटीपासून आमच्या स्विचपर्यंतची जोडणी पाहावी म्हणून गेलो, तर स्विचच्या त्या पोर्टवर १००० चा हिरवा दिवा नव्हता, १०० चा पिवळाच लागलेला होता. केबलचा कनेक्टर काढून प्रकाशात धरला, तेव्हा आठांपैकी चारच तारा आत गेलेल्या दिसल्या. १०० मेगाबिटला चार तारा पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. योजना ३०० ची घेतली असती तरी आम्हाला ११.२ च दिसत राहिले असते.

दुसऱ्या टोकाचा कनेक्टरही तसाच निघाला. दोन्ही कापून आठ तारांचे नवे बसवले आहेत आणि दिवा हिरवा झाला आहे. राजारामपुरीच्या टोकाची केबल उद्या पाहणार आहे; ती पाहून होईपर्यंत तो अर्ज टेबलाच्या खणातच राहील.